कवडीला विकलेली बोट

कवडूभाऊ मला आधी ऐकू आले, दिसले नंतर.

बाबांची बदली सिंचन खात्याच्या एका तलावावर झाली होती. सिंदेवाहीच्या पुढे जंगलात शिरलं की एक रस्ता सागाच्या झाडांतून वळत वळत तलावाच्या मोठ्या पाळीला, मातीच्या बांधाला, येऊन टेकतो. पाळीच्या टोकाला, जरा उंचावर, दोन क्वार्टर होते. एकात आम्ही राहायला आलो. दुसऱ्यात वटवाघळं होती. मी नुकतीच पदवी घेतली होती, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते असं सगळ्यांना सांगत होते, आणि माणसं कमी असलेली जागा मिळाली म्हणून मनातून खूश होते.

पहिल्याच सकाळी अर्धवट झोपेत आवाज आला. टण. टण. टण. मग थोडं थांबून, भद. पुन्हा टण, टण. मला वाटलं कोणीतरी दार वाजवतंय. दार उघडायला मी नेहमीच वेळ लावते, कारण बरेचदा माणसं तेवढ्यात निघून जातात. हा आवाज गेला नाही. शेवटी मी व्हरांड्यात आले.

तलावावर वाफ होती. पाणी ओसरून काठाची माती उघडी पडली होती आणि त्या मातीत एक पांढरी, लांबोडकी वस्तू पालथी पडलेली होती, एखादा प्रचंड मासा रात्रीतून काठावर येऊन झोपावा तशी. एक उंच, वाळलेला माणूस तिच्या पोटावर बोटांच्या पेरांनी ठोकत होता आणि दर ठोक्यानंतर कान टेकवून डोळे मिटत होता. त्यांनी मला पाहिलं. मी नजर वळवली. त्यांनीही काही विचारलं नाही, नुसतं पुन्हा ठोकलं. भद.

आमची ओळख झाली ती एवढीच, आणि पुढचे बरेच दिवस तेवढीच पुरली.

ती वस्तू म्हणजे फायबरची मासेमारीची बोट होती, ढिवरांच्या सोसायटीची. पुष्कळ वर्षांपूर्वी एका योजनेतून मिळालेली. तलावावर बाकी सगळे लाकडी डोंगे, एकाच झाडाचं खोड कोरून केलेले, अरुंद, हलते. पांढरी बोट एकच, आणि ती सांभाळायचं काम कवडूभाऊंकडे. ठोकून ते तिची तब्येत पाहत होते. चांगला भाग टण वाजायचा, आजारी भाग भद. हे ठोकणं त्यांच्या बोटांत इतकं मुरलं होतं की समोर येईल त्यावर ते ठोकायचे. बाजारातलं टरबूज, बाबांच्या जीपचं दार, आमचा पाण्याचा माठ. एकदा माझ्या अभ्यासाच्या टेबलावर त्यांनी ठोकलं, कान दिला आणि म्हणाले, "हे बिमार हाय." टेबल नवीन होतं. पावसाळ्यात त्याची वरची पट्टी उखडली.

त्यांची दुसरी खोड समजायला मला वेळ लागला. प्रश्नाचं उत्तर ते लगेच देत नसत. सकाळी विचारलेल्याचं उत्तर संध्याकाळी यायचं, कधी दुसऱ्या दिवशी, आणि तेही कसली प्रस्तावना न करता. बाबांनी एकदा विचारलं, "कवडूभाऊ, या तलावात मगर आहे का?" ते नुसते पाण्याकडे बघत राहिले. बाबांना वाटलं ऐकू कमी येत असावं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो असताना दाराशी आवाज आला, "नाई जी." आणि ते निघून गेले. आईच्या हातातला घास तसाच राहिला. कशाला नाही, ते आठवायला आम्हा तिघांना भात संपेपर्यंत वेळ लागला.

त्यांची बायको पार्बताबाई. बुटकी, खणखणीत आवाजाची, गावोगावच्या आठवडी बाजारांत मासे विकणारी. नवऱ्याच्या वाटचंही तीच बोलून टाकायची. "यायचं लगन ठरलं तवा यायच्या मायनं ईचारलं, पोरगी पसंत हाय का? हे चूप. माय रडून राह्यली, बाप चिडून राह्यला. तिसऱ्या दिवशी बैलाले पानी दाखवता दाखवता म्हनते, हाय." हे सांगताना ती हसायची आणि कवडूभाऊ बोटीकडे बघायचे.

त्यांचा उजवा गुडघा वाकत नसे. घरावरची कवेलू फेरताना, कौलं नीट बसवताना, ते खाली आले होते. डोंग्यात बसायचं तर पाय दुमडावे लागतात, उभं राहायचं तर दोन्ही पायांवर तोल सांभाळावा लागतो. त्यांना आता दोन्ही जमत नव्हतं. पांढरी बोट मात्र रुंद होती. तिच्यात मागच्या टोकाला बसून, पाय लांब करून, वल्हं मारता यायचं. ती होती म्हणून ते पाण्यावर जाऊ शकत होते. पण गेल्या पावसाळ्यापासून ती जड झाली होती, एका बाजूला कलत होती, तळ दाबला की स्पंजासारखा दबत होता. कवडूभाऊंनी जागोजागी डांबर लावून पाहिलं होतं, लाकडी डोंग्याला लावतात तसं. डांबराचे ते काळे ठिगळ आता ते खुरप्याने खरवडून काढत होते. त्या सबंध हिवाळ्यात ते काठावर बसून होते, असं पार्बताबाईनं आईला सांगितलं. "पान्यात जात नाई तवापासून जेवन बी आर्धं झालं."

मी एकदा धीर करून त्यांना विचारलं होतं. बाकीचे डोंगे काठाकाठानं जाळी टाकायचे. हे मात्र, बोट धड होती तेव्हा, एकटे तलावाच्या मधोमध जाऊन थांबायचे, असं मी ऐकलं होतं. "मधोमध काय आहे, कवडूभाऊ?" ते खुरपं चालवत राहिले. मी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग वाटलं, माझी मराठी त्यांना कळली नसेल. शाळेत मी इंग्रजीतच बोलले. घरची मराठी बाहेर काढताना मी अडखळते. मी तो प्रश्न सोडून दिला.

होळीनंतर सोसायटीचे अध्यक्ष रामदासभाऊ काठावर आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला एका जागी उभं राहता येत नसे. चकरा मारत ते म्हणाले, "कवडूभाऊ, रिसॉर्टवाले पाहून गेले. बोट मांगून राह्यले. गेटसमोर ठेवतो म्हनते, माती भरून फुलं लावतो म्हनते. सभासद म्हनते का देऊन टाका, पडूनच त हाय."

कवडूभाऊंनी बोटीवर एकदा ठोकलं.

"मी म्हनलं, थांबा. पावसाळ्यात मच्छीचं बीज सोडाचं हाय. त्या दिवशी हे बोट ड्रम घेऊन मधात जाऊन वापस आलं त ठेवू. नाई आलं त मंग मी का करू? तुमीच सांगा."

कवडूभाऊंनी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रामदासभाऊ मासे तोलत होते, भोवती गिऱ्हाइकं होती, तेव्हा हे लंगडत तिथे गेले आणि म्हणाले, "कोनते फुलं?"

रामदासभाऊंच्या हातातला तराजू हलला. "आं?"

"गुलाब का झेंडू?"

कोणीतरी हसलं. रामदासभाऊ हसले नाहीत. तेच मला पुढे म्हणाले, "बाई, त्या दिवसापासून मले त्या गेटावरून जाववत नाई."

घुग्घुसहून हनीफभाईंना बोलावलं गेलं. हनीफभाई फायबरचे कूलर करायचे आणि चौकात, रिसॉर्टच्या दाराशी उभे करतात ते वाघ. त्यांचे वाघ थोडे हसरे असतात. ते म्हणायचे की चिडलेला वाघ केला की लहान मुलं रडतात आणि ऑर्डर परत येते. ते मोटरसायकलवर ग्राइंडर बांधून आले. सगळ्यांनी मिळून बोट ओढत वर, आमच्या क्वार्टरजवळच्या मोहाच्या झाडाखाली आणून सुलटी केली, कारण वीज आमच्याकडेच होती. काळी वायर आमच्या व्हरांड्यातून, माझ्या खुर्चीच्या पायाजवळून गेली. त्यामुळे मीही त्या कामाच्या एका टोकाला जोडली गेले.

हनीफभाईंनी तळावर हात फिरवला, ठोकलं. कवडूभाऊंनीही ठोकलं. दोघांनी एकाच वेळी कान दिला आणि एकमेकांकडे पाहिलं. त्या क्षणी त्यांची दोस्ती झाली असावी.

"इसके अंदर लकडी है, भाऊ," हनीफभाई म्हणाले. "वरून फायबर, आत लाकडाच्या फासळ्या. त्याच्यावरच ही उभी आहे."

ग्राइंडर चालला. पांढरी धूळ उडाली. पहिली फासळी उघडली तशी तिच्यातून काळं पाणी वाहू लागलं. थांबेचना. हनीफभाईंनी आत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. लाकूड नव्हतंच, उकळून उकळून टाकून दिलेल्या चहापत्तीसारखा काळा लगदा होता.

"पानी में किसने रखी थी इसको?" त्यांनी विचारलं. "हे वरवरचं पाणी नाही. मुक्कामाचं पाणी आहे हे."

आजूबाजूला पाचसहा जण होते. सगळ्यांनी एकदम दुसरीकडे पाहिलं. कारण सगळ्यांना माहीत होतं.

आमच्या या भागात उन्हाळा असा असतो की काठावर ठेवलेला लाकडी डोंगा उन्हानं तडकून दोन फाकी होतो. म्हणून उन्हाळा लागला की डोंगे दगड भरून पाण्यात बुडवून ठेवतात. पाण्याखाली लाकूड थंड राहतं. पाऊस आला की दगड काढायचे, डोंगा वर. कवडूभाऊंच्या वडिलांनी तेच केलं, आजोबांनी तेच केलं. बोट मिळाली तेव्हापासून कवडूभाऊ तिलाही दर उन्हाळ्यात बुडवत आले होते. लोक हसले होते, "प्लास्टिकले काऊन बुडवते जी?" पण त्यांना ती उन्हात पडलेली बघवत नसे. इतर डोंग्यांत कसलेही दगड चालायचे. तिच्यासाठी ते नाल्यातले गुळगुळीत गोटे निवडून आणायचे, तिच्या तळाला ओरखडा जाऊ नये म्हणून. वरून शेवाळ पांघरवायचे. आणि तळाच्या बारीक भेगांतून पाणी उन्हाळाभर त्या लाकडी फासळ्यांत जाऊन राहत होतं.

हनीफभाईंच्या प्रश्नाला कवडूभाऊंनी उत्तर दिलं नाही. सूर्य उतरल्यावर हनीफभाई सामान बांधून गेले. त्या संध्याकाळी झाडाखाली ती उघडी बोट आणि तिच्या शेजारी पाय लांब करून बसलेले ते, दोघंही एकाच रंगाचे दिसत होते.

सकाळी ते आमच्या पायरीशी उभे होते. "बाई, त्याले फोन लाव."

मी हनीफभाईंचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला न लावता तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "मी ठेवली होती." आणि फोन मला परत दिला. पलीकडून हनीफभाई "हॅलो, हॅलो" करत होते. मी फोन कानाला लावला. हनीफभाई हळू आवाजात म्हणाले, "उनको बोलो बेटा, अब धूप लगने दो. खूब धूप."

कवडूभाऊंसाठी हे सगळ्यात कठीण निघालं. जुना लगदा खरवडून झाला. फासळ्यांच्या जागी नुसत्या खाचा राहिल्या. आता बोट सुकवायची होती. झाडाखालून काढून तिला उघड्यावर ठेवली, ऐन उन्हाळ्यात. फायबर इतकं तापायचं की हात लावता येत नसे. कवडूभाऊ मोहाखाली बसायचे, पण बोटीकडे पाठ करून. मी व्हरांड्यातून बघायचे. दुपारी सगळीकडे पांढरं ऊन, तलाव वितळलेल्या कथिलासारखा, मोहाची पानं नवीन लालसर आलेली, आणि पाठ करून बसलेला हा माणूस. मध्येच ते मान किंचित वळवायचे आणि पुन्हा सरळ करायचे.

एका दुपारी माझा डोळा लागला. उठले तेव्हा बोटीवर ओली पोती पांघरलेली होती. पार्बताबाई बाजारातून येत होती. तिनं टोपली खाली ठेवली आणि पोती एक एक करून ओढून फेकली.

"मले कधी सावली केली नाई या मानसानं! भर दुपारी बाजारात बसते मी, तवा कुठी गेले होते तुमचे पोते?"

कवडूभाऊ झाडाकडे बघत होते.

"तिले ऊन लागू द्या. मायेनंच मारली तुमी तिले. आता थोडी मया कमी करा."

बोलून ती स्वतःच चपापली. मग तिनं एक पोतं उचललं, झटकलं आणि त्यांच्या डोक्यावर टाकलं. "तुमीच घ्या." ते पोतं तसंच डोक्यावर घेऊन बसून राहिले. संध्याकाळी उत्तर आलं. ती चूल पेटवत असताना म्हणे ते म्हणाले, "उद्यापासून टोपली मी घेऊन येतो बाजारात. छत्री बी." आणि ते खरंच जाऊ लागले. बोटीला ऊन लागायचं ते मग त्यांना पाहावं लागत नसे.

बोट वाळली. हनीफभाई पुन्हा आले, आणि कवडूभाऊंनी घरून एक फळी आणली. त्यांच्या वडिलांच्या मोडक्या डोंग्याची होती, काळी, जड. नवीन फासळ्या तिच्यातून काढायच्या असं त्यांनी ठरवलं होतं.

"नाही भाऊ. लकडी नहीं," हनीफभाई म्हणाले. "शेतातला प्लास्टिकचा पाइप मधोमध चिरायचा, पालथा ठेवायचा, वरून फायबर. आत काहीच नको. जो चीज है ही नहीं, वो सडेगी कैसे?"

कवडूभाऊंनी फळी बाजूला ठेवली. ती नंतर मागच्या टोकाला बसायचा पाट झाली, वर उघडी, वारा लागेल अशी. पण आत रिकाम्या फासळ्या हे त्यांना पटलं नव्हतं. ते पाइपावर ठोकायचे आणि तोंड वाकडं करायचे.

हनीफभाईंना दुकान होतं. रीत दाखवून ते गेले. डबे, ब्रश आणि काचेच्या धाग्यांची पांढरी चटई ठेवून गेले. डब्यावर इंग्रजी होतं, म्हणून डबा माझ्याकडे आला. रेझिन म्हणजे मधासारखा चिकट द्रव आणि तो घट्ट व्हायला त्यात दुसऱ्या बाटलीतले थेंब टाकायचे, हे मी वाचलं. पण त्या थेंबांना मराठीत काय म्हणायचं ते मला येईना. मी हातवारे करू लागले. कवडूभाऊ बघत राहिले आणि या वेळी, आश्चर्य म्हणजे, लगेच म्हणाले, "विरजन."

मग कोणालाच काही समजवावं लागलं नाही. फक्त पहिल्या दिवशी त्यांनी लवकर जमावं म्हणून विरजण सढळ टाकलं. ब्रश बुडवेपर्यंत रेझिनचा मग गरम झाला, धूर निघाला आणि ब्रश आत उभाच्या उभा दगड झाला. कवडूभाऊंनी तो मग उलटा केला, ठोकला. टण.

पार्बताबाई पदर तोंडाला लावून हसत होती. "उनाळ्यात दह्याले कितीक विरजन लावते? बोटाले लागलं तेवढं. आन तेबी सकाळच्या थंडाव्यात. जिंदगी गेली, दही नाई लावता आलं यायले."

त्यामुळे काम पहाटे व्हायचं. तो उन्हाळा मला आता त्या पहाटांमुळेच आठवतो. वाफ, पाणकोंबड्यांचे आवाज, रेझिनचा गोडसर उग्र वास. पाइपावर चटई अंथरून कवडूभाऊ ब्रशनं रेझिन टिपायचे. पांढरी चटई भिजली की हळूहळू दिसेनाशी व्हायची, खालचा पाइप आरपार दिसू लागायचा, जणू त्यांनी हात फिरवला आणि कापड विरघळून गेलं. दिवसभर ते अंग खाजवत राहायचे. त्या धाग्यांची कुसळं खाजकुयलीसारखी लागतात. पार्बताबाईनं त्यांचे कपडे वेगळ्या दोरीवर टाकायला सुरुवात केली होती. पण ते उठायचे नाहीत. एकेक फासळी अशी टिपत जायचे की जणू आत कोणी झोपलं आहे.

शेवटची फासळी राहिली तेव्हा त्यांनी हात थांबवला. दोन दिवस पाइप तसाच ठेवला. रामदासभाऊ चकरा मारून गेले. क्षितिजावरून ढग येऊ लागले होते, बीजाचा टेंपो कधीही येणार होता.

तिसऱ्या दिवशी पार्बताबाई पदराला गाठ मारून आली. "का झालं? तिचं पोट रिकामं हाय म्हनून मन लागत नाई ना तुमचं?" तिनं गाठ सोडली. तळहातावर एक जुनी, पिवळी पडलेली कवडी होती.

मला तेव्हा त्यांच्या नावाचा अर्थ कळला. त्यांच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती. म्हणून हे जन्मले तेव्हा आईनं त्यांना सुपात घालून शेजारणीला एका कवडीला विकून टाकलं. पोर आता आपलं नाही, दुसऱ्याचं आहे. मरण विचारत आलं तर या घरी त्याला कोणी सापडू नये. म्हणून कवडू. "मायी सासू यायले बाजारात न्याची त आधी शेजारनीले ईचाराची," पार्बताबाई म्हणाली. "नेऊ का वो तुया पोराले? ते हो म्हने तवा न्याची. मोठे झाले तरी ईचाराची."

तीच ही कवडी. तिनं भोवती पाहिलं. "बोट इकाची हाय. कोन घेते?"

"सोसायटीचा ठराव नाई अन् इकून राह्यली!" रामदासभाऊ हसत म्हणाले. "आना, मी घेतो."

"तुमी नाई जी. तुमी उद्या फुलं लावसान."

सगळे हसले. मग तिनं व्हरांड्याकडे बोट दाखवलं. "हे घेईन. साहेबाची पोरगी. हे कोनाशी बोलत नाई. मरन ईचारत आलं तरी सांगनार नाई."

मी खाली उतरले. माझे कान गरम झाले होते. तिनं कवडी माझ्या हातात दिली, मी ती बोटीची किंमत म्हणून कवडूभाऊंना दिली. त्यांनी ती पाइपाच्या पोकळीत सोडली आणि वरून चटई अंथरली. काम संपल्यावर त्यांनी ठोकलं. आत कवडी किंचित हलली. तो आवाज त्यांनी बराच वेळ ऐकला.

बीजाचा टेंपो आला त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, तलाव वर चढला होता. पाळीवर सगळी सोसायटी जमली होती, रिसॉर्टचा एक माणूसही मोबाइल घेऊन उभा होता. इवल्या माशांनी भरलेले ड्रम बोटीत चढवले. बोट खाली दबली, पण सरळ राहिली. कवडूभाऊ वडिलांच्या फळीवर बसले, गुडघा लांब केला, वल्हं हातात घेतलं. आणि थांबले.

"चला ना जी," टेंपोवाला ओरडला. "मच्छी मरन!"

ते हलले नाहीत. ते वर, आमच्या व्हरांड्याकडे बघत होते. मग त्यांनी तोंडाशी हात धरला. "मालकीनबाई! नेऊ का जी?"

सगळ्यांच्या माना वळल्या. मी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं, "नेऊ का?"

"बाई, मान हालवलेली पान्यावर आयकू येत नाई!" पार्बताबाई खालून म्हणाली.

मी दोन्ही हातांनी कठडा धरला. "न्या!"

माझा आवाज पाण्यावरून गेला, पलीकडच्या सागांवर आपटला आणि परत आला. बाबा आतून धावत आले. त्यांना वाटलं मला काही चावलं.

बोट सुटली. ती लहान होत गेली. मधोमध पोचल्यावर ड्रम एक एक आडवे झाले, पण काठावर कोणी बीजाकडे बघत नव्हतं. सगळे बोटीची कड पाण्यापासून किती वर आहे ते बघत होते. ड्रम संपले तरी कवडूभाऊ लगेच वळले नाहीत. तिथेच थांबले. काठावर कुजबुज सुरू झाली. पार्बताबाईनं पदराचं टोक दातांत धरलं होतं. मग त्यांनी वाकून बोटीच्या तळावर हात फिरवला, आणि तो हात उंच धरला. एवढ्या लांबून काय दिसणार? पण काठाला लागल्यावर त्यांनी पुन्हा तळावर हात फिरवला आणि वर धरला. कोरडा तळहात. त्यांनी तो आधी पार्बताबाईला दाखवला, मग रामदासभाऊंना.

"ठीक हाय," ती म्हणाली, आणि तोंड पुसल्यासारखं करून डोळे पुसले. "आता तरी पोटभर जेवसान."

रिसॉर्टचा माणूस फोटो काढून निघून गेला.

पुढे जवळजवळ रोज पहाटे खालून हाक यायची, "नेऊ का जी?" आणि मी झोपेतूनच ओरडायचे, "न्या!" परीक्षेच्या मुलाखतीत मला विचारलं होतं की तुमचा छंद काय. मी वाचन असं सांगितलं. खरं उत्तर मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

पुढच्या उन्हाळ्यात बाबांची बदली अहेरीला झाली. सामान जीपमध्ये चढलं त्या सकाळी ढिवर डोंगे बुडवत होते. काठापासून थोडं आत, माणसं छातीभर पाण्यात उभी राहून डोंग्यांत दगड ठेवत होती. एकेक डोंगा आवाज न करता खाली जात होता, आणि त्याच्यावर पाणी पुन्हा सारखं होत होतं. त्या सगळ्यांच्या मधून पांढरी बोट उलट दिशेनं, काठाकडे येत होती.

ती काठाला लागली. आता पाऊस येईपर्यंत कवडूभाऊ पाण्यावर जाणार नव्हते. त्यांनी वर पाहिलं, तोंडाशी हात धरला.

"मालकीनबाई! काढू का जी बाहेर?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली. मग मी ओरडले, "काढा!"

चौघांनी ओढून ती मोहाखाली आणली, विटांवर ठेवली. कवडूभाऊ लंगडत जीपपाशी आले. सवयीनं दारावर ठोकलं, कान दिला. "चांगली हाय. पोचवन." मग ते तसेच उभे राहिले. बाबा चालकाशेजारी बसले, इंजिन सुरू झालं. कवडूभाऊ माझ्या खिडकीशी वाकले.

"तू ईचारलं होतं ना, मधात का हाय."

सव्वा वर्ष झालं होतं.

"काई नाई, बाई. तिथी गेलं का पायाची याद येत नाई."

जीप पाळीवरून निघाली. मी मागच्या काचेतून बघत राहिले. तलावावर एकही डोंगा नव्हता, नुसतं सपाट पाणी. मोहाखाली, कोरड्या जमिनीवर, पांढऱ्या बोटीत कवडूभाऊ चढून बसले होते. पाय लांब केलेला, वल्हं मांडीवर आडवं. तोंड पाण्याकडे होतं. मग ते वाकले आणि शेवटच्या फासळीवर ठोकून त्यांनी कान टेकवला.